पत्र्यावरचं ‘काढ’

२४ फेब्रुवारी

चिरंजीव ठोंब्यास,

आशीर्वाद. शिल्लक आहेत तेवढे पाठवते आहे, जपून वापर.

काल फोन कट झाला नाही, मी आपटला. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून आता कागद. कागदावर निदान समोरच्याचं शेवटपर्यंत वाचावं लागतं. फोन मी बियांच्या डब्यात टाकलाय. कोंब फुटला तर कळवीन.

करारनामा मिळाला. पॉलीहाऊसवाल्याला दहा वर्षांसाठी अख्खी जागा, झाडं सगळी आधी साफ करून, आणि त्यात एकाच जातीचं फूल, बारा महिने. जमीन आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून दोघांच्या सह्या. तुझी झालेली पाहिली, सुबक आहे. माझी होणार नाही. कागद मात्र छान जाड होता. आईनं त्याच्या बियांच्या पुड्या बांधल्या. तुझ्या सहीत सध्या पालकाचं बी आहे.

इकडे काय चाललंय ते ऐक, तुला विसर पडलाय म्हणून सांगते. वाटाण्याच्या ओळींना काटक्यांचा आधार देऊन झाला. ॲस्टरची रोपं खिडकीत आहेत, ट्रे रोज फिरवावे लागतात, नाहीतर सगळी उजेडाकडे मान टाकून बसतात. ग्लॅडिओलाचे कंद सोलून, मऊ पडलेले बाजूला करून पहिला हप्ता लावला. दुसरा पंधरा दिवसांनी, म्हणजे फुलं एकदम येऊन बाजारात पडून राहत नाहीत. शेडमागे पाच जंगली रोपं उगवलीत, चांगली ओळीनं, उपटायला वेळ मिळालेला नाही. आलुबुखार फुललाय, नाशपाती कळ्यांवर आहेत. विहिरीजवळची नाशपाती, आपली आळशी, तेवढी ढाराढूर झोपलेली. बाबांनी हे नाव उगाच नव्हतं दिलं. सगळ्यांच्या मागून जागी होते आणि म्हणून एकाही वर्षी कडाक्याच्या थंडीत सापडत नाही. तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

आई बरी आहे. तिला कमी ऐकू येतं, पण तू करारनामा पाठवलास हे तिला बरोब्बर ऐकू गेलं.

तुझी ताई

१ मार्च

ताई, नमस्कार.

तू रागावलेली आहेस हे धरूनच लिहितोय, म्हणजे पुढे वाईट वाटायला नको.

मला खलनायक करून झालं असेल तर दोन गोष्टी ऐक. तू चोपन्न वर्षांची आहेस. बाबा गेल्यापासून तिथे तू एकटी आहेस आणि ऐंशीची आई आहे. नांगरणाऱ्याच्या मागे तू, फवारणीला तू, पहाटे बाजाराला तू, शिडीवर तू. आई परवा कोणाच्या तरी फोनवरून बोलली, म्हणाली ताई लंगडते. कधीपासून? मला कोणी काही का सांगत नाही?

इथे मी तुमच्यासाठी खोली तयार केलीय. गॅलरी पूर्वेला आहे, दोन खुर्च्या आणि सहा कुंड्या मावतात. हिनं पडदे स्वतः शिवले. ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे तपासतो मी, आणि प्रत्येक नकाशात आईची खुर्ची कुठे बसेल ते बघतो. हसू नकोस.

आणि आता जे सांगतोय ते मी इतके दिवस सांगितलं नाही, कारण तुला लागेल. ऑक्टोबरात बाबा गेले तेव्हा मी बागेतून एकटाच फिरत होतो. पाच नाशपातींच्या बुंध्याला, मागच्या बाजूनं, पत्र्याच्या पट्ट्या बांधलेल्या आहेत. बाबांच्या हातच्या, खिळ्यानं कोरलेल्या. पाचहींवर एकच शब्द आहे, ‘काढ’. पाचवी तुझी आळशी.

त्यांना कळलं होतं ताई, हे आता झेपायचं नाही. त्यांनी सुरुवात करून दिली. आपण निदान त्यांचं तरी ऐकूया.

तुझा,
ठोंब्या (शेचाळिसाव्या वर्षीसुद्धा)

६ मार्च

ठोंब्या,

तुझं पत्र आलं तेव्हा मी नर्गिसच्या फुलांच्या जुड्या बांधत होते. वाचलं, जुड्या तशाच टाकून बागेत गेले. पट्ट्या आहेत. गवतात, बुंध्यामागे, गुडघ्याइतक्या उंचीवर. मी झाडाकडे बघते ती वर बघते, कळ्या किती, कीड कुठे. खाली मागे कोण बघतंय. शेवटच्या वर्षी बाबा पार वाकले होते, त्यांचा हात तेवढाच पोचत असणार.

अक्षर त्यांचंच आहे. ‘ढ’ची शेपटी तशीच लांब. मी तिथेच बसले. रडले, तुला सांगायला लाज कसली. पंचवीस वर्षं मी त्या माणसाबरोबर याच मातीत राबले आणि मला न सांगता तो पाच झाडांची शिक्षा लिहून गेला. आणि झाडं तरी कोणती, तर बागेतली सगळ्यात उजवी. कीड लागलेली, वठलेली सोडून नेमकी तीच. का, ते विचारायला आता कुठे जाऊ?

पण रडून झाल्यावर मी उठले आणि बाबांना मोठ्यानं सांगितलं, आजूबाजूला कोणी नव्हतं म्हणून बरं. तुलाही तेच सांगते. बाबांनी लिहिलं असलं तरी मी काढणार नाही. ते थकले होते. थकलेल्या माणसानं निर्णय घेऊ नये, झोपावं. ते हयात असते तर मी त्यांच्याशी भांडले असते, आणि मेले म्हणून त्यांना सूट नाही. त्यांनी लावली, ठीक आहे. पाणी मी घातलंय.

गुडघा ठणठणीत आहे. पडद्यांबद्दल वहिनीला सांग, मन भरून आलं. खरंच आलं. पण सहा कुंड्यांत मी काय करू? सहा कुंड्यांना मी नाश्त्याआधी पाणी घालून मोकळी होईन, मग दिवसभर तुझं डोकं खाईन.

आईला पट्ट्यांचं सांगितलेलं नाही. तिला कशाला त्रास.

ताई

१० मार्च

ताई,

तुझ्यापुढे मी हात टेकले. तू आता बाबांचंही ऐकायची नाहीस.

मग त्यांचं मी ऐकतो. मंगळवारी, सतरा तारखेला, करवतवाला येईल. फक्त पट्टी बांधलेली पाच झाडं, बाकी एका पानाला हात लावायचा नाही असं बजावलंय. कराराचं नंतर बघू. तुला मान्य नसेल तर सोमवारपर्यंत फोन कर, एका शब्दात नाही म्हण, मी त्याला थांबवतो. काहीच कळलं नाही तर तुझी हरकत नाही असं समजेन.

ठोंब्या

१८ मार्च

ठोंब्या,

आळशी पडली.

तुझं दहा तारखेचं पत्र चौदाला आलं. मी ते फोडलं नाही. पाकिटावर तुझं अक्षर बघितलं, म्हटलं आता पुन्हा तेच दळण, आणि डब्यात टाकून दिलं, फोनशेजारी. ते मी काल दुपारी फोडलं, झाड आडवं झाल्यावर. तेव्हा माझी चूक मी पहिल्यांदा लिहिते, म्हणजे तुझी लिहायला मला तोंड राहील.

काल मी बाजाराला गेले होते. मुळ्याचा वाफा तयार झालाय, म्हणून उपटायला एका माणसाला दहा वाजता बोलावलं होतं आणि आईला सांगून ठेवलं होतं. नऊला तुझा करवतवाला आला. आईला म्हणाला, काढायचं ना? आईला वाटलं, मुळ्याचा माणूस. म्हणाली, हो बाबा, काढ, खुशाल काढ. इथे ‘ध’चा ‘मा’ करायलाही कोणी लागलं नाही. ती आत पुड्या बांधत बसली, तिला यंत्राचा आवाज किती ऐकू येणार. म्हणे मला वाटलं कोणाची तरी मोटारसायकल.

मी फाटकातून आत आले तेव्हा विहिरीजवळ नुसतं आकाश होतं. माणसानं इतक्या वर्षांत जिथे आकाश बघितलेलंच नाही तिथे अचानक आकाश. तो दुसऱ्या झाडाशी पोचला होता. मी धावले, होय, याच पायानं, आणि त्या झाडाला पाठ लावून खाली बसले. तो म्हणाला, मालकांनी सांगितलंय. मी म्हटलं, अर्धा मालक शहरात आहे, उरलेला अर्धा इथे बसलाय, आता कुठून कापायचं ते तू ठरव. त्यानं यंत्र बंद केलं.

“बाई, मी झाडं कापतो, माणसं नाही,” म्हणाला, आणि माझ्यासमोर खाली बसला. भला माणूस आहे. अर्ध्या तासानं फांद्या एका बाजूला रचून दिल्या आणि घरी गेला. जाताना आईनं त्याला मुळे दिले.

आळशीचे डोळे अजून मिटलेलेच होते. काल, मार्चच्या सतराला, बाकी बाग पांढरी झालेली असताना. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी शेंड्याकडच्या पेन्सिलएवढ्या काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून पंपाच्या खोलीत गारव्याला ठेवल्या. कशाला ठेवल्या, विचारू नकोस. कलम करायचे बाबा. मी त्यांना फक्त सुतळी धरून द्यायची. त्यांचा चाकूही सापडत नाही.

आणि गुडघा. जानेवारीत शिडीवरून पडले. तीन आठवडे नीट चालता येत नव्हतं. आईला शपथ घातली होती, ती तिनं मोडली. आता सांगून टाकते, कारण तू माझ्यापासून लपवलंस त्याचा राग धरायचा तर माझी पाटी कोरी हवी. पडले, उठले, छाटणी पुरी केली. पुढच्या वर्षी शिडी कोणीतरी धरायला हवी एवढं खरं. पण शिडी धरायला माणूस हवा म्हणून कोणी बाग विकत नाही.

तुझ्यावर मी रागावले आहे. हा राग लवकर जाणार नाही, घाई करू नकोस.

ताई

२२ मार्च

ताई,

पत्र तीनदा वाचलं. ऑफिसात वाचलं, ते चुकलं. शेजारच्यानं विचारलं, घरी काही झालं का, आणि मला झाड गेलं असं सांगता येईना. म्हणालो, हो, घरचं एक गेलं.

आता माझी पाटी. पॉलीहाऊसवाल्याला मी जानेवारीतच हो म्हणून बसलो होतो, तुला विचारण्याआधी. वाटलं होतं, ताई चार दिवस ओरडेल आणि मग दमेल. सगळी माणसं दमतात. मी स्वतः दमलोय ना, म्हणून वाटलं. आणि खरं सांगू, ती बाग तिथे आहे तोवर मी ती सोडून आलो हेही आहे. ती नसती तर मी फक्त नोकरी करणारा माणूस असतो. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं.

पण ताई, पट्ट्या खोट्या नव्हत्या गं. एवढंच डोक्यात घोळतंय. त्यांनी लिहिलं होतं.

सोबत पार्सल आहे. बाबांचा कलमाचा चाकू. ऑक्टोबरात मीच आणला होता, आठवण म्हणून. इथे मी त्यानं पाकिटं फोडायचो. धार गेली असेल, माफ कर.

ठोंब्या

२९ मार्च

ठोंब्या,

बस आधी. उभ्यानं वाचू नकोस.

परवा मुळ्याचा राहिलेला अर्धा वाफा मी स्वतः उपटायला घेतला. मधल्या चार मुळ्यांशी आले तर आई आतून तरातरा आली, हात धरला. हे नाही उपटायचे म्हणाली. आणि त्या चार मुळ्यांपुढे मातीत काय खोचलेलं असावं? पत्र्याची पट्टी. त्यावर खिळ्यानं कोरलेलं, ‘काढ’.

मी म्हटलं, आई, काढ लिहिलंय आणि काढू देत नाहीस? तिनं माझ्याकडे बघितलं ते तुझा जन्म झाला तेव्हाही बघितलं नसेल इतक्या कीवेनं.

“अगं, बी काढ. चांगल्याचंच बी काढायचं असतं ना? पत्र्यावर सगळं कोण लिहीत बसतं, बोटं दुखतात.”

चाळीस वर्षं दोघं हेच करत आलेत. जे सगळ्यात उजवं, त्याला पट्टी. हात लावायचा नाही, त्यातून पुढचं काढायचं. बी-बियाणं त्या दोघांचं खातं, फुलं आणि बाजार माझा. मी कधी त्यांच्या वाफ्यात वाकून बघितलं नाही. आणि पट्ट्यांचं तिला सांगितलं असतं सहा मार्चला, तर आळशी उभी असती. त्रास नको म्हणून नाही सांगितलं. आपल्या घरात एकमेकांना त्रास नको म्हणून जेवढं नुकसान झालंय तेवढं किडीनं नाही केलं.

तिला हाताला धरून बागेत नेलं. आळशीच्या खुंटावरून तिनं हात फिरवला. मग उभ्या चारही झाडांवरच्या पट्ट्या तिनं बोटांनी वाचल्या आणि म्हणाली, काड्या काढायच्या होत्या रे देवा, कलमाला. या वसंतात करायचं ठरलं होतं त्यांचं. ज्यांवर कलम बांधायचं ती खुंटरोपं सुद्धा लावून ठेवली होती. मी विचारलं कुठे. तर म्हणाली, शेडमागे.

ती पाच जंगली रोपं, ठोंब्या. चांगली ओळीनं. उपटायला मला वेळ मिळाला नाही म्हणून वाचली. कामाचा डोंगर असावा माणसाच्या डोक्यावर, कधी कधी तोच उपयोगी पडतो.

बाकी चार झाडं फुलावर आहेत, त्यांच्या काड्या यंदा चालायच्या नाहीत. जागी झालेली काडी कलमाला मरते, झोपलेली लागते. आणि झोपलेली काडी बागेत एकाच झाडाची होती, ती पंपाच्या खोलीत ओल्या गोणपाटात. आई खुर्चीवर बसून सांगत होती, मी करत होते. चाकूला धार लावली, दोन तास गेले, तू त्यानं पाकिटं फोडत होतास की डबे? खुंटाची वरची चकती पुन्हा ताजी कापली, साल अलगद सोडवली, काडीला तिरका काप देऊन सालीत सरकवली. सुतळी, वर मेण. खुंटावर सात काड्या. शेडमागच्या पाचांवर एकेक.

सुतळी धरायला कोणी नव्हतं, दातांत धरली.

ताई

३ एप्रिल

ताई,

तो शब्द मी तसा वाचला, कारण मला तो तसाच हवा होता. दुसरं कारण नाही. तिसरी-चौथीतल्या मुलानंही विचारलं असतं, काय काढ? मी विचारलं नाही.

पॉलीहाऊसवाल्याला काल ‘नाही’ म्हणून सांगितलं. तो म्हणाला, अर्धी जागा तरी. अर्ध्यालाही नाही म्हटलं. बाबा तुझ्याच बाजूचे निघाले ताई.

शनिवारी येऊ का? शिडी धरता येते मला. सुतळीही.

ठोंब्या

२६ एप्रिल

चिरंजीव ठोंब्यास,

आशीर्वाद. साठा पुन्हा भरतोय, हळूहळू.

तू गेल्यापासून आई रोज विचारते, त्याच्या हाताचे फोड फुटले का. दोन दिवसांत आठ फोड म्हणजे विक्रम आहे. तू लावलेली ग्लॅडिओलाची ओळ उगवली. वाकडी आहे. मी सरळ करणार नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते की ही आमच्या नकाशे तपासणाऱ्यानं आखली.

पॉलीहाऊसवाला परवा स्वतः आला होता. फाटकाशी उभा राहून म्हणाला, बाई, विचार करा, तुमच्यानंतर कोण बघणार? मी म्हटलं, माझ्यानंतरचं माझ्यानंतर, आत्ता मला ॲस्टर लावायचेत. त्याला पातीच्या कांद्याची जुडी दिली आणि वाट दाखवली.

आता ऐक. खुंटावरच्या सातपैकी चार काड्यांचे डोळे फुटले. काल सकाळी पहिला, आज तीन. शेडमागे पाचांत दोन. पानं उंदराच्या कानाएवढी आहेत, पण हिरवीगार. आईला खुर्चीसकट उचलून नेऊन दाखवलं. ती म्हणाली, उशिरा उठली, सवयीप्रमाणे.

मात्र तुझ्या एका वाक्याचं मला उत्तर द्यायचं राहिलंय. बाबा तुझ्याच बाजूचे निघाले, असं तू लिहिलंस, आणि इथे आल्यावरही दोनदा म्हणालास, जणू त्यामुळे मी बरोबर ठरले. तसं नाही. ते बाजूचे निघाले, बरं वाटलं, एक दिवस झाडाखाली बसून पुन्हा रडले. पण मी सहा मार्चला नाही म्हटलं ते बाबाही विरुद्ध आहेत असं समजून म्हटलं होतं. ते पत्र सांभाळून ठेव. पट्टीवर ‘तोड’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं, तरी मी त्या दुसऱ्या झाडाला पाठ लावून बसलेच असते.

बाबांच्या जुन्या पट्ट्या तशाच ठेवल्यात. खुंटाला मात्र नवी बांधली, डोळ्यांच्या उंचीवर, समोरून. खिळ्यानं कोरायला सबंध दुपार गेली, बोटं अजून ठणकताहेत, पण यावेळी एकही शब्द गाळला नाही.

‘हे झाड तोडायचं नाही. शंका असेल तर मला विचारा. मी इथेच आहे.’

तुझी
ताई